डागांची वही: गिरगावच्या गच्चीवरून सूर्य कसा मोजायचा

एप्रिलमध्ये उकाडा वाढला की आमच्या चाळीत कोणीतरी विचारतंच, "बाई, सूर्यावर डाग जास्त झालेत म्हणून का हो हे?" मी तीस वर्षं भूगोल शिकवला, म्हणून प्रश्न माझ्याकडे येतो. मी म्हणते, गच्चीवर चल, आधी डाग मोजू. डाग म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागावरचे आजूबाजूपेक्षा थंड, म्हणून काळपट दिसणारे भाग.

10×50 ची (दहापट मोठं दाखवणारी, 50 मिलिमीटर भिंगांची) दुर्बीण, कॅमेऱ्याचा स्टँड, पुठ्ठा, पांढरा कागद आणि वही, एवढं पुरतं. मात्र दुर्बिणीतून सूर्याकडे क्षणभरही बघायचं नाही. डोळ्याचा पडदा जळतो तेव्हा दुखत नाही, म्हणून कळतही नाही. मुलं असतील तर स्टँडपाशी मोठं माणूस हवंच.

दुर्बिणीच्या एका भिंगावर झाकण ठेवा. दुसऱ्या नळीभोवती पुठ्ठा बसवा, म्हणजे कागदावर सावली राहील. नेम धरायला दुर्बिणीची सावली बघा. ती सगळ्यात लहान झाली की सूर्य रेषेत आला. कागद मीटरभर मागे धरला की साधारण नऊ सेंटिमीटरचं बिंब उमटतं. कडा रेखीव होईपर्यंत चाक फिरवा. दुर्बीण किंचित हलवा: बिंबाबरोबर सरकला तो सूर्यावरचा डाग, बाकी भिंगावरची धूळ. दोन मिनिटांनी झाकण लावा, आतली भिंगं तापतात. सकाळी आठची वेळ उत्तम. नंतर आजूबाजूचे पत्रे तापतात आणि बिंब थरथरायला लागतं.

आता मोजणी. डाग बहुधा झुपक्यांनी असतात. झुपक्यांना 10 ने गुणा, त्यात सगळ्या झुपक्यांतल्या एकेक डागाची मोजणी मिळवा. 3 झुपके आणि एकूण 11 डाग, तर आकडा 41. ही रीत स्विस खगोलशास्त्रज्ञ रुडॉल्फ वुल्फची, एकोणिसाव्या शतकातली. आपला आकडा वेधशाळांपेक्षा कमी येतो, येऊ दे. रोज तीच दुर्बीण, तीच जागा, तोच माणूस हवा. एका दिवसावरून काही ठरवू नका, महिन्याची सरासरी काढा. हा आकडा सुमारे 11 वर्षांत चढतो-उतरतो. चालू आवर्तन डिसेंबर 2019 मध्ये सुरू झालं.

शेजारच्या रकान्यात तापमान आणि पाऊस लिहा. इथे उकाड्याच्या प्रश्नाचं उत्तर आहे. पृथ्वीच्या वातावरणाच्या माथ्यावर दर चौरस मीटरला सूर्याचे सुमारे 1361 वॅट येतात आणि डागांच्या चढउतारात त्यात 0.1 टक्क्याच्या आसपास फरक पडतो. जगाच्या सरासरी तापमानात तो अंशाच्या दहाव्या भागाएवढा. एकोणिसाव्या शतकापासून पृथ्वी एक अंशाहून जास्त तापली, ती हरितगृह वायूंनी. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा डाग ओसरणीला लागले होते. पुराचं खापर सूर्यावर फोडणारे निरोप आले की मी वही उघडून दाखवते. भूकंपाशीही डागांचा संबंध सिद्ध झालेला नाही.

सूर्याचा खरा धोका चुंबकीय वादळांचा: डागांच्या मोठ्या झुपक्यांजवळून उसळलेले भारित कणांचे लोट पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राला हादरवतात. आणि अशा वादळाची मोठी नोंद आपल्याच मुंबईत आहे, हे शाळेत सांगताना माझा आवाज चढायचा. 1859 च्या सप्टेंबरात कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राचा आडवा घटक सुमारे 1600 नॅनोटेस्लांनी (नॅनोटेस्ला हे चुंबकक्षेत्र मोजायचं एकक) घसरलेला दिसला. त्याच वादळात जगभर तारयंत्रं बिघडली. पुढे विजेच्या ट्राम येणार म्हणून ही निरीक्षणं अलिबागला हलवली. 1989 च्या मार्चमध्ये कॅनडातल्या क्वेबेकची वीज अशाच वादळाने नऊ तास गेली. म्हणून मोठा, वेडावाकडा झुपका बिंबाच्या मध्याजवळ आला की तारखेला लाल खूण करा आणि पुढचे तीन-चार दिवस अंतराळ हवामानाचे इशारे वाचा. मे 2024 मध्ये अशाच झुपक्यानंतर लडाखच्या हान्लेहून आकाश ध्रुवीय प्रकाशाने लालसर दिसलं होतं.

जूनमध्ये ढग येतील. त्या दिवशी रकान्यात 0 लिहू नका, फुली मारा. शून्य म्हणजे डाग नव्हते, फुली म्हणजे सूर्य दिसला नाही.