केचेवाइश्केंबद्दल मराठीत लिहायचं असेल तर

आधी एक सर्वनाम ठरवा. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फिलमोर ‘ते’ आणि तिथल्या ओजिब्वे या मूलनिवासी लोकांचे पुढारी केचेवाइश्के मात्र ‘तो’, असं माझ्या पहिल्या मसुद्यात होऊन बसलं होतं. वाचताना लाज वाटली. केचेवाइश्केही ‘ते’च.

सुरुवात जन्मापासून करू नका. सुपीरियर सरोवरातल्या मॅडेलीन बेटावरचं ला पॉइंट, लून या पाणपक्ष्याचं कूळ, जन्म 1759 च्या सुमाराचा. एवढं एका ओळीत पुरे. सुरुवात 1850 च्या हिवाळ्यापासून करा. जमिनी दिल्याबद्दल करारांनुसार ओजिब्वेंना सरकारकडून मिळणारी वार्षिक रक्कम ला पॉइंटला मिळायची. लोकांनी पश्चिमेकडे निघून जावं म्हणून सरकारने ती घ्यायला त्यांना मिनेसोटातल्या सँडी लेकला यायला लावलं. रक्कम वेळेवर आलीच नाही. उपासमार, आजार आणि परतीची बर्फातली वाट, यांत सुमारे 400 माणसं गेली. हा आकडा घाईने ओलांडू नका.

मग 1852. नव्वदी ओलांडलेले केचेवाइश्के भूर्जसालीच्या होडीतून वॉशिंग्टनला निघाले. बरोबर तरुण ओशोगा आणि दुभाषी बेंजामिन आर्मस्ट्राँग. आर्मस्ट्राँग सांगतात, फिलमोर यांच्यासमोर आधी चिलीम फिरली आणि मुख्य भाषण ओशोगांनी केलं. केचेवाइश्केंसारख्या मोठ्या वक्त्याने तिथे तरुणाला बोलू दिलं, हे मला फार मोलाचं वाटतं. ओजिब्वेंना पश्चिमेकडे हलवण्याचा हुकूम मागे घेतला गेला.

आता खरी अडचण. केचेवाइश्केंची आणि त्यांच्या लोकांची भाषणं उरली आहेत ती इंग्रजीत, आणि इंग्रजीला ‘वी’ एकच. ओजिब्वे भाषेत मात्र ‘नीनविंद’ म्हणजे ऐकणाऱ्याला वगळून ‘आम्ही’ आणि ‘गीनविंद’ म्हणजे त्याला धरून ‘आपण’. मराठीत हा भेद जिवंत आहे, तो वाया घालवू नका. प्रत्येक वाक्याला विचारा: समोर कोण बसलंय? आपली माणसं असतील तर ‘आपण’. जमीन मागणारा अधिकारी असेल तर बहुधा ‘आम्ही’. ठरवता येत नसेल तर कर्ता गाळून वाक्य फिरवा. अंदाजाने त्यांच्या तोंडी शब्द घालू नका.

चित्र निवडताना सांभाळा. अमेरिकी संसदभवनातला, फ्रान्सिस विन्सेंटींनी घडवलेला अर्धपुतळा त्यांचा म्हणून दाखवला जातो. तो लीच लेकच्या बेशीकींचा आहे. दोघांनाही ‘बफेलो’ म्हणत, त्यातून हा घोळ झाला.

शेवटी 1854 चा करार घ्या. त्यात रेड क्लिफ, बॅड रिव्हर यांसारख्या राखीव जमिनी ठरल्या आणि लोक आपल्याच सरोवराकाठी राहिले. पुढच्या सप्टेंबरात केचेवाइश्के ला पॉइंटलाच वारले.