सौर पॅनलवरील करमाफी आणि नैसर्गिक आपत्तींचे नियोजन : अमेरिकेतील राज्यांचे कायदे वाचताना या चुका टाळा

अमेरिकेत घराच्या छतावर सौर पॅनल बसवणाऱ्यांच्या बोलण्यात ‘टॅक्स क्रेडिट’ (भरायच्या करातून थेट वजा होणारी रक्कम) आणि ‘करमाफी’ (मालमत्तेचे वाढलेले मूल्य करातून वगळणे) हे शब्द एकमेकांऐवजी सर्रास वापरले जातात आणि पुढचा बराचसा गोंधळ तिथूनच सुरू होतो. केंद्रीय प्राप्तिकरात घरमालकाला मिळणारे ३० टक्क्यांचे क्रेडिट जुलै २०२५ मधील कायद्याने बंद झाले असून ३१ डिसेंबर २०२५ नंतर केलेल्या खर्चाला ते लागू होत नाही. मालमत्ता कर मात्र काऊंटी (आपल्या जिल्ह्यासारखा घटक), शहर आणि शाळा जिल्हा (सरकारी शाळा चालवणारी स्वतंत्र स्थानिक संस्था) आकारतात आणि त्यातील सवलतीची चौकट राज्याचा कायदा ठरवतो. केंद्राचे क्रेडिट संपले म्हणून राज्याची सवलतही संपली, असे गृहीत धरून अर्जच न करणे ही सध्याची सर्वांत महागडी चूक आहे.

दुसरी चूक म्हणजे सवलत आपोआप लागू होईल, असे समजणे. न्यूयॉर्क राज्याच्या स्थावर मालमत्ता कर कायद्यातील कलम ४८७ नुसार सौर यंत्रणेमुळे घराच्या करपात्र मूल्यात होणारी वाढ १५ वर्षे करमुक्त राहते. पण त्यासाठी आरपी-४८७ हा अर्ज स्थानिक मूल्यनिर्धारकाकडे, म्हणजे असेसरकडे, मुदतीत द्यावा लागतो आणि बहुतेक टाऊनमध्ये ही मुदत १ मार्च असते. याच कलमाने काऊंटी, शहर, टाऊन, व्हिलेज आणि शाळा जिल्हा यांना या सवलतीतून बाहेर पडण्याचा अधिकारही दिला आहे. त्यामुळे टाऊनचा कर माफ आणि शाळेचा कर मात्र पूर्ण, अशी स्थिती एकाच घराच्या बाबतीत उद्भवू शकते. पॅनल विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबू नये. आपल्या प्रत्येक करसंस्थेने काय ठरवले आहे, हे असेसरच्या कार्यालयातच विचारावे.

कॅलिफोर्नियातील तरतूद समजून घेताना याहून सूक्ष्म चूक होते. १९७८ च्या प्रपोझिशन १३ नंतर, म्हणजे मालमत्ता करावर मर्यादा घालणारा प्रस्ताव मतदारांनी मंजूर केल्यानंतर, तेथे घराचे करपात्र मूल्य वर्षाला जास्तीत जास्त २ टक्के वाढते आणि नवे बांधकाम किंवा मालकीबदल झाला तरच फेरमूल्यांकन होते. महसूल व कर संहितेचे कलम ७३ सौर यंत्रणेला ‘नवे बांधकाम’ या व्याख्येतून वगळते. म्हणजे ही कायमची करमाफी नव्हे. घर विकले गेले की सवलत संपते आणि नव्या मालकाचे मूल्यांकन पॅनलसकट होते. घर विकताना ‘यावर सौर करमाफी आहे’ असे ग्राहकाला सांगणे म्हणूनच चुकीचे ठरते. शिवाय ही तरतूद मुदतीची आहे. विधिमंडळाने २०१४ आणि २०२२ मध्ये तिची मुदत वाढवली होती, त्यामुळे जुन्या माहितीपत्रकातील तारीख प्रमाण मानू नये.

टेक्सासमध्ये कर संहितेच्या कलम ११.२७ खालील सवलत मुख्यतः जागेवरच वापरायच्या ऊर्जेच्या साधनांसाठी आहे. विक्रीसाठी वीज निर्माण करणाऱ्यांनी ती गृहीत धरू नये.

आता आपत्ती नियोजनाकडे वळू, कारण कागदपत्रे गोळा करताना हा भाग हमखास मागे पडतो. २००० च्या केंद्रीय आपत्ती सौम्यीकरण (म्हणजे आपत्तीची हानी आधीच कमी करण्याच्या) कायद्यानुसार स्थानिक संस्थेला नैसर्गिक धोक्यांचा आराखडा दर पाच वर्षांनी अद्ययावत करून ‘फेमा’ या केंद्रीय संस्थेची मान्यता घ्यावी लागते. मान्य आराखडा नसेल, तर पूरप्रवण घरे उंचावण्यासारख्या कामांचा सौम्यीकरण निधी स्थानिक संस्थेला मिळत नाही. कॅलिफोर्नियाने २००६ मध्ये यात राज्याच्या बाजूनेही भर घातली : हा आराखडा शहराने किंवा काऊंटीने आपल्या सर्वसाधारण विकास आराखड्याच्या सुरक्षा प्रकरणात समाविष्ट केला असेल, तरच आपत्तीनंतर राज्याचा मदतीतील वाटा ७५ टक्क्यांच्या वर जाऊ शकतो. आराखड्याच्या जनसुनावणीला रहिवासी फिरकत नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण कोणता रस्ता आणि कोणता नाला यादीत येणार, हे तिथेच ठरत असते.

‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ हा शब्दप्रयोगही फसवा आहे. त्याचा खरा अर्थ दरवर्षी १ टक्का शक्यता असा असून ३० वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात ती सुमारे २६ टक्के होते. तेव्हा पूरक्षेत्रात इन्व्हर्टर आणि बॅटरी तळघरात किंवा जमिनीलगत बसवण्यापूर्वी पूरनकाशावरील पायाभूत पूरपातळी (अशा पुरात पाणी जिथवर चढेल ती उंची) पाहावी आणि यंत्रणा तिच्या वर बसवण्याचा आग्रह कंत्राटदाराकडे धरावा.

शेवटची चूक या दोन्ही कायद्यांच्या सांध्यावर होते. करसवलतीमुळे पॅनलची किंमत असेसरच्या आकड्यात येत नाही. तोच आकडा पाहून विम्याची रक्कम ठरवली, तर वणव्यात किंवा वादळात पॅनल गेल्यावर त्यांची भरपाई अपुरी पडू शकते. कॅलिफोर्नियात १०,००० डॉलर किंवा त्याहून जास्त नुकसान झाल्यास घराचे करपात्र मूल्य कमी करून मागता येते. त्यासाठीचा अर्ज साधारणपणे १२ महिन्यांच्या आत करावा लागतो. यंत्रणेचा परवाना, पावत्या आणि छायाचित्रे यांच्या प्रती त्यासाठी घराबाहेर सुरक्षित ठेवाव्यात.