शाळेत सण साजरे करायचे का, आणि करायचे तर कसे

हा वाद दरवर्षी ठरलेला असतो, एक पालक विचारतात आमचा सण शाळेत का नाही, दुसरे म्हणतात शाळेत धर्म आणूच नका, आणि मुख्याध्यापक दोन्हीकडून बोलणी खातात. माझं मत आधीच सांगून टाकते. सण शाळेत यायलाच हवेत, पण शाळेने मुलांकडून उपासना करून घेऊ नये. आता ही रेघ प्रत्यक्षात कुठे मारायची हे ज्यांना ठरवावं लागतं, म्हणजे शिक्षक, मुख्याध्यापक, पालक समितीतली मंडळी, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

सगळ्यात आधी कायदा बघा, आणि तो तुमच्या देशाचा बघा, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा दुसऱ्या कुठल्या देशाचा नको. कारण देश बदलला की नियम पार उलटा होतो. इंग्लंडमध्ये सरकारी पैशावरच्या शाळांत रोज सामूहिक उपासना घेणं कायद्यानेच बंधनकारक आहे, फक्त पालक आपल्या मुलाला त्यातून बाहेर काढू शकतात. फ्रान्समध्ये 2004 च्या कायद्याने सरकारी शाळेत ठळक दिसणारी धार्मिक चिन्हं घालायलाही बंदी आली. अमेरिकेत सुप्रीम कोर्टाने 1963 मध्ये सरकारी शाळांतलं भक्तिभावाने होणारं बायबलवाचन घटनाबाह्य ठरवलं, पण त्याच निकालात हेही स्पष्ट केलं की धर्माबद्दल तटस्थपणे शिकवायला काही हरकत नाही. भारतात राज्यघटनेचं कलम 28 आहे, पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, आणि मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत मुलाला धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवायचं तर संमती लागते, मूल अल्पवयीन असेल तर पालकांची.

कायदा कळला की कार्यक्रमपत्रिका हातात घ्या आणि प्रत्येक ओळीपुढे लिहा की इथे मूल नक्की काय करणार आहे. गोष्ट ऐकणार, चित्र काढणार, सजावट करणार, प्रश्न विचारणार, नाटक बघणार, हे सगळं चालतं. पण जिथे मूल हात जोडणार, देवाला उद्देशून काही म्हणणार, डोकं टेकवणार किंवा प्रसाद म्हणून काही घेणार तिथे थांबा, कारण ते सणाबद्दल शिकणं राहिलं नाही, ती उपासनाच झाली. गाण्यांचं जरा अवघड असतं. संगीताच्या तासाला एखादी भक्तिरचना संगीत म्हणून शिकवणं वेगळं, आणि अख्ख्या शाळेने उभं राहून डोळे मिटून तीच म्हणणं वेगळं, चाल आणि शब्द तेच असले तरी. शंका वाटली तर त्या धर्माबाहेरच्या एखाद्या पालकांना आधीच विचारा, कारण बहुसंख्यांच्या सणात धार्मिक काय आहे हे बहुसंख्यांना सहसा दिसतच नाही, त्यांना वाटतं ही तर आपली संस्कृती आहे, यात धर्म कुठे आला.

आता सहभागी न होणाऱ्या मुलाचं बघा, माझ्या मते शाळेची खरी परीक्षा इथेच होते. सर्क्युलरमध्ये वर ‘सहभाग ऐच्छिक’ लिहायचं आणि खाली ‘न येणाऱ्यांनी लेखी कारण द्यावे’ लिहायचं, याला ऐच्छिक म्हणत नाहीत! वेशभूषेला गुण असतील, त्या दिवशीची हजेरी मोजली जाणार असेल, गैरहजर मुलामुळे त्याच्या गटाचे पॉइंट कापले जाणार असतील, तरीही तो दबावच आहे. चार गोष्टी आधी ठरवा: ते मूल कुठे बसणार, सोबत कोण मोठं माणूस असणार, तेवढा वेळ काय करणार, आणि बाकीच्या मुलांनी विचारलं तर शिक्षक काय सांगणार. नऊ वर्षांच्या मुलाला रिकाम्या लायब्ररीत वर्कशीट देऊन एकटं बसवलं तर त्याला ती शिक्षाच वाटणार, तुमचा हेतू कितीही चांगला असला तरी. त्यापेक्षा कार्यक्रमच असा करा की बाहेर बसायची वेळ फार थोड्यांवर येईल. आणि जे मूल आत राहून फक्त शांत उभं राहतं त्याला अजिबात टोकू नका. 1986 मध्ये भारताच्या सुप्रीम कोर्टापुढे केरळमधल्या तीन मुलांचं प्रकरण आलं होतं, धर्मश्रद्धेमुळे ती राष्ट्रगीत म्हणायची नाहीत पण आदराने उभी राहायची, शाळेने काढून टाकलं आणि कोर्टाने त्यांना परत घ्यायला लावलं. राष्ट्रगीताच्या बाबतीत हे असं असेल तर सणाच्या गाण्याला न गाणाऱ्या मुलावर डोळे वटारायचं काहीच कारण नाही.

अजून एक, वर्गात कुणाला उभं करून ‘सांग ना, तुमच्यात काय करतात’ असं विचारू नका. त्या मुलाला माहीत नसेल, त्याच्या घरी सण होतच नसेल, किंवा त्याला त्या दिवशी फक्त इतरांसारखं बसायचं असेल. स्वतःहून सांगायचं असेल तर त्याला आधी घरी बोलून येऊ द्या आणि भरपूर वेळ द्या. कुठलाच धर्म न मानणारी घरंही असतात, आणि जेहोवाज विटनेस या ख्रिस्ती पंथासारखे लोक ख्रिसमस किंवा वाढदिवसही करत नाहीत, त्यांना ‘बिचारे’ म्हणायची गरज नाही.

सजावटीपेक्षा जास्त उपयोगाचं काम म्हणजे कॅलेंडर, आणि तेच सगळ्यात जास्त राहून जातं. वर्ष सुरू होतानाच सगळ्या घरांकडून महत्त्वाचे दिवस मागवून घ्या आणि परीक्षा, सहल, खेळाचे सामने त्यावर येणार नाहीत हे बघा. मागच्या वर्षीची यादी कॉपी करू नका, इस्लामी वर्ष साधारण 354 दिवसांचं असतं त्यामुळे रमजान आणि ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतात, आणि साधारण 33 वर्षांत सगळ्या ऋतूंमधून फिरून येतात. शिवाय रमजान ईद चंद्रदर्शनावर असेल तर नक्की दिवस आदल्या संध्याकाळपर्यंत कळत नाही, म्हणून पुढचा-मागचा एक दिवस मोकळा ठेवा. ख्रिसमससुद्धा सगळ्यांचा 25 डिसेंबरला नसतो, काही ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये तो 7 जानेवारीला येतो. उपवास धरलेल्या मुलाला पीटीच्या तासाला पळायला लावायचं का, हेही त्याच मीटिंगमध्ये ठरवून टाका.

‘मग सगळंच बंद करा’ म्हणणारे भेटतील. मला ते पटत नाही, कारण बहुसंख्यांचा सण बंद केला तरी त्याची सुट्टी असतेच आणि शाळेबाहेर तो सगळीकडे दिसत असतोच, गायब होतो तो फक्त थोड्या लोकांचा सण, ज्याच्याबद्दल इतर मुलांना ऐकायला मिळण्याची शाळा ही बहुतेक एकच जागा असते. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारात कलम 14 मुलाच्या विचार आणि धर्माच्या स्वातंत्र्याबद्दल आहे, तर कलम 30 अल्पसंख्य मुलाला आपली संस्कृती, धर्म आणि भाषा जपता यावी याबद्दल, दोन्ही सांभाळायची आहेत. सणाचं नाव बदलून ‘आनंदोत्सव’ करणं हाही उपाय नाही, नाव खरं ते ठेवा आणि तो का करतात ते नीट सांगा, नुसते कपडे आणि नाच दाखवून सोडू नका. प्रत्येक धर्माला मोजून एक दिवस द्यायची सक्ती मात्र करून घेऊ नका, नाहीतर शिक्षक दमतात आणि सगळंच वरवरचं होतं, त्यापेक्षा दोन-तीन नीट करा आणि दरवर्षी आलटून-पालटून घ्या.

तक्रार आली तर फोनवर वाद घालू नका, भेटायला बोलवा आणि कार्यक्रमपत्रिका समोर ठेवून विचारा की नेमकी कुठली गोष्ट खटकली. बहुतेक वेळा एखादीच ओळ असते, तेवढी बदलता येते, कार्यक्रम रद्द करावा लागत नाही. काय बदललं आणि का, ते फाइलमध्ये लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी वर्गशिक्षक बदलले तरी त्याच पालकांना तेच पुन्हा सांगायला यावं लागणार नाही.