कवितासंग्रह काढताय? आधी एवढं बघा

धुळ्यात माझं डीटीपीचं, म्हणजे संगणकावर पुस्तकाची पानं जुळवायचं काम आहे. लग्नपत्रिका, कॉलेजांचे वार्षिक अंक आणि अधूनमधून कवितासंग्रह. मी स्वतःही लिहिते, त्यामुळे कवी पेनड्राइव्ह घेऊन येतात आणि अक्षरजुळणीपेक्षा सल्लाच जास्त मागतात.

माझा पहिला प्रश्न ठरलेला: यातल्या किती कविता कुठे छापून आल्यात? एकही नसेल तर मी पेनड्राइव्ह परत देते. आमच्याच गावातून कवी पुरुषोत्तम पाटलांनी १९८५ साली निव्वळ कवितेसाठी ‘कवितारती’ हे नियतकालिक सुरू केलं; मुंबई-पुण्याचं तोंड न बघताही कवितेचं नाव होतं, हे इथे वेगळं सांगावं लागत नाही. ज्या नियतकालिकाला पाठवायचं त्याचे दोन अंक आधी विकत घेऊन वाचा. मग चार-पाच कविता पाठवा, तीस नाही. एका वेळी एकाच ठिकाणी. फेसबुकवर टाकलेली कविता बरेच संपादक छापून झालेली धरतात, तेव्हा चांगल्या कविता हातच्या राखा. दिवाळी अंकांसाठी जून-जुलैतच पाठवा. गणपती बसल्यावर आलेल्या कवितेला जागा नसते, मग ती कितीही चांगली असो.

आता हस्तलिखित. तुम्ही मोबाइलवर युनिकोडमध्ये लिहिता, म्हणजे कुठल्याही फोनवर-संगणकावर तसंच दिसणाऱ्या अक्षरांत; प्रेसमध्ये अजून बऱ्याच ठिकाणी श्रीलिपी या वेगळ्या सॉफ्टवेअरच्या टाइपांत काम चालतं. रूपांतरात ‘कोपऱ्यात’चं ‘कोपर्यात’ होतं, ॲ उडतो, अवतरणचिन्हं भलतीकडे तोंड करतात. कथेत वाचक सांभाळून घेतो, कवितेत एक अक्षर गेलं की ओळ गेली. म्हणून फाइलसोबत पीडीएफही द्या, म्हणजे मूळ काय होतं ते ताडून बघता येतं. शेवटचं प्रूफ कागदावर मागा आणि मोठ्याने वाचा. स्क्रीनवर डोळा चुका गिळतो.

संग्रह बहुधा डेमी आकारात निघतो, साडेपाच बाय साडेआठ इंच. वर्डमध्ये त्याच मापाचं पान करा, कडेला समास सोडा, तेरा पॉइंटचा टाइप ठेवा आणि आपल्या ओळी कुठे मोडतात ते बघा. मोडणाऱ्या ओळीचं काय करायचं हे तुम्हीच ठरवा, नाहीतर माझ्यासारखी कुणीतरी जेवणाच्या सुट्टीआधी ठरवून टाकते. दोन पानांची कविता डाव्या पानावर सुरू करा, म्हणजे मधे पान उलटावं लागत नाही. छपाईत पानं एकेक नाही, गठ्ठ्याने छापतात; त्या गठ्ठ्याला फॉर्म म्हणतात. एक फॉर्म सोळा पानांचा. पाच फॉर्ममध्ये ऐंशी पानं होतात आणि पहिल्या संग्रहाला तेवढी पुरतात. सहावा फॉर्म भरण्यासाठी जुन्या वहीतल्या कविता उकरू नका.

पैशांचं. ‘एवढे भरा, संग्रह काढून देतो’ म्हणणारे पुष्कळ भेटतील. स्वखर्चाने काढण्यात कमीपणा नाही, पण लेखी घ्या: प्रती किती छापणार, तुम्हाला किती मिळणार, हक्क कुणाकडे राहणार. आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे, वेगळे पैसे कुणी मागितले तर विचारा कशाचे, कारण भारतात तो राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सीकडून फुकट मिळतो. पहिलं पुस्तक असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. जाहिरात आली की मुदतीत अर्ज करा. वेळ लागतो, लागू द्या. आणि पाचशे प्रतींचा हट्ट कशाला? डिजिटल छपाईत शंभर काढून पुढे लागतील तशा वाढवता येतात.

प्रकाशन समारंभाबद्दल माझं मत कडू आहे. हॉल, शाल-श्रीफळ, पाहुण्यांची गाडी यांत छपाईइतका खर्च होतो आणि टाळ्या वाजवणारे घरचेच असतात. त्याच पैशांत निवडक समीक्षकांना, संपादकांना आणि कॉलेजांच्या मराठी विभागांना प्रती पाठवा, सोबत हाताने लिहिलेल्या चार ओळी. महिन्याभराने एक फोन, त्याहून जास्त नाही. साहित्य संमेलनात कवींसाठी खुला मंच असतो, त्या कविकट्ट्यावर जरूर वाचा, पण एकच कविता, आणि प्रास्ताविक न करता.

मोबाइलवर कविता चित्र करून टाकत असाल तर नाव चित्राच्या आतच, शेवटच्या ओळीला लागून घाला. कोपऱ्यातलं नाव लोक कापतात आणि मग तुमची कविता कुसुमाग्रजांच्या किंवा पुलंच्या नावाने फिरत तुमच्याच घरच्या ग्रुपवर येते.

पुरस्कारांना प्रती स्वतः पाठवाव्या लागतात, प्रकाशकाच्या भरवशावर बसू नका. राज्य शासनाचा पहिल्या संग्रहासाठीचा पुरस्कार आमच्या खानदेशच्या बहिणाबाईंच्या नावाने आहे. साहित्य अकादमीच्या युवा पुरस्काराला वय पस्तीसपर्यंतच असावं अशी अट आहे. म्हणून छापून आल्या दिवशीच पंधरा-वीस प्रती कपाटात कुलूपबंद करा. भाच्याच्या मित्रांना फुकट वाटत सुटलात, तर अर्जासोबत जोडायला घरात एकही उरत नाही.