लोट्याला कामाला लागताय? आधी पाण्याची जागा बघून ठेवा

केमिस्ट्रीत बीएस्सी झालं की आमच्या खेड-चिपळूणच्या मुलांपुढे दोनच वाटा असतात. एक मुंबईची गाडी, दुसरी लोटे-परशुरामची एमआयडीसी. मी दुसरी धरली. काही वर्षं प्रॉडक्शनला शिफ्ट केल्या, मग औद्योगिक सुरक्षेचा एक वर्षाचा डिप्लोमा करून सेफ्टीत आलो. लोटे, महाड, रोहा इथे नव्याने लागणारी मुलं विचारतात, "सर, सुरुवात कशापासून करू?" मी सांगतो, पाण्यापासून.

माझं पहिलं वर्ष होतं, मे महिना. पाइपलाइन सोडवताना फ्लँजमध्ये, म्हणजे पाइपांच्या जोडात, राहिलेली कॉस्टिक लाय (कॉस्टिक सोड्याचं पाणी) एका हेल्पर दादांच्या डोळ्यात उडाली. गॉगल कपाळावर सरकवलेला. मी त्यांना धरून आयवॉशपाशी, म्हणजे डोळे धुवायच्या नळापाशी, नेलं आणि पाणी सोडलं. दोन-तीन मिनिटांत दादा म्हणाले, "झालं रे, आता बरं वाटतंय." मी पाणी बंद केलं. तेवढ्यात शिफ्ट इन्चार्ज धावत आले. एक शब्द न बोलता त्यांनी पाणी पुन्हा सोडलं, दादांच्या पापण्या दोन बोटांनी उघड्या धरल्या आणि मग मला म्हणाले, "घड्याळ बघ. पंधरा मिनिटं झाली की सांग." ती पंधरा मिनिटं संपता संपेनात. दादा कळवळत होते, मान फिरवत होते, इन्चार्जांनी बोटं ढिली केली नाहीत. दादांची नजर वाचली ती त्या बोटांमुळे. मी मात्र पाणी बंद केलं होतं, हे मी विसरलेलो नाही.

अ‍ॅसिड उडालं की भयंकर झोंबतं, माणूस आपणच पाण्याकडे पळतो. कॉस्टिक फसवं. हाताला बुळबुळीत लागतं, आग कमी होते, आणि तेवढ्या वेळात ते चरबीचा साबण करत खोल उतरत राहतं. म्हणून "बरं वाटतंय" यावर पाणी थांबवायचं नाही. निदान पंधरा मिनिटं, कॉस्टिकला त्याहून जास्त, आणि दवाखान्याच्या वाटेवरही धूत राहायचं. अंगावर उडालं असेल तर कपडे शॉवरखालीच उतरवायचे. लाजायची ती वेळ नव्हे. टीशर्ट डोक्यावरून ओढून काढू नका, तोंडाला लागेल, कात्रीने कापा. अ‍ॅसिडवर सोडा किंवा कॉस्टिकवर लिंबू चोळायला कुणी धावला तर त्याला अडवा, त्या रिॲक्शनच्या उष्णतेने जखम वाढते. हायड्रोफ्लुओरिक अ‍ॅसिड हाताळणाऱ्या प्लांटमध्ये त्याच्या जखमेवर लावायचं कॅल्शियम ग्लुकोनेट जेल कुठे ठेवलंय ते पहिल्या दिवशी विचारा. त्याचा डाग लहान दिसला तरी माणूस डॉक्टरकडे गेलाच पाहिजे.

आता वायू. आपल्या कोकणात विहिरीत कुणी पडलं तर मागून उडी टाकणारी माणसं आहेत, आणि मला त्याचा अभिमान आहे. पण ईटीपीच्या (सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटच्या) टाकीत माणूस कोसळला आणि तुम्ही तसेच आत उतरलात, तर बाहेर दोन मृतदेह काढावे लागतात. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांचा वास येतो खरा, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. वास गेला म्हणजे गॅस गेला असं समजू नका. आधी ओरडा, अलार्म द्या. आत जायचं ते हवेचा सिलिंडर पाठीवर असलेल्या माणसाने. साधा कॅनिस्टर मास्क नुसती हवा गाळतो, ऑक्सिजन तयार करत नाही.

गळती झाली की आधी विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी) बघा आणि वाऱ्याला आडवे निघा. क्लोरीन हवेच्या जवळपास अडीचपट जड, तो खड्ड्यात, गटारात, सखल भागात साचतो, तेव्हा चढाकडे चला. क्लोरीन छातीत गेलेला माणूस तासाभराने ठणठणीत वाटला तरी घरी सोडू नका. फुप्फुसात पाणी काही तासांनी भरू शकतं.

दवाखान्यात माणसाबरोबर एसडीएसची, म्हणजे त्या रसायनाच्या सुरक्षा माहितीपत्रकाची, प्रत द्या. त्यात सोळा भाग असतात. चौथा प्रथमोपचाराचा, सहावा सांडलवंडीचा, आठवा स्वसंरक्षणाच्या साधनांचा. हे तीन तुमच्या प्लांटमधल्या प्रत्येक मालाचे वाचा. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळला डॉक्टरांपुढे हजारो माणसं येत होती आणि वायू कोणता, उपचार काय, हेच त्यांना नीट कळत नव्हतं. १९८७ साली फॅक्टरी कायद्यात धोकादायक प्रक्रियांचं वेगळं प्रकरण आलं ते त्यानंतर.

हे ज्ञान गेटच्या आत ठेवू नका. घाटात टँकर उलटला की आपली माणसं बघायला जमतात. घरी शिकवा: लांबूनच टँकरवरच्या पाटीचा चार आकडी नंबर वाचायचा आणि ११२ ला सांगायचा. १०१७ म्हणजे क्लोरीन, १००५ अमोनिया, १८३० सल्फ्युरिक अ‍ॅसिड. १८३१ हे ओलियम, म्हणजे सल्फ्युरिकचाच धुमसणारा, जास्त तीव्र प्रकार, आणि "पाऊस पडतोय, धुऊन जाईल" हे त्याच्या बाबतीत साफ चूक, पाणी लागताच ते अ‍ॅसिडचं पांढरं धुकं सोडतं. वाडीत रात्री वास आला आणि बाहेर पडायला सुरक्षित वाट नसेल, तर स्लॅबच्या खोलीत जमा, फटींत ओली फडकी कोंबा. कौलांतून हवा येत राहते, म्हणून कौलारू खोली टाळा.

शॉवर आणि आयवॉश रोज सकाळी सोडून बघा. उघड्यावरच्या पाइपातलं पाणी मे महिन्यात दुपारी पोळतं, आणि बरेच दिवस न सोडलेल्या नळातून आधी तांबडा गंज येतो. तो कुणाच्या डोळ्यात जायला नको.

आणि पहिल्याच आठवड्यात, प्लांट बंद असताना, एका सोबत्याला बरोबर घेऊन डोळे मिटून आपल्या जागेपासून शॉवरपर्यंत चालून बघा. दहा सेकंदांत पोचलं पाहिजे. माझी एकवीस पावलं होत होती. अठराव्या पावलाला गुडघा आपटला. कुणीतरी वाटेत रिकामा ड्रम ठेवला होता.