शाळेत लघवी गळणं थांबलं ते असं

आधी तीन दिवस नुसती नोंद ठेवली: लघवी किती वाजता, मापाच्या भांड्यात किती मिली, कधी गळली, शौचाला कधी झालं. चौदा-पंधराव्या वर्षी एका वेळी साधारण ३०० ते ४०० मिली होते. दर वेळी जेमतेम १०० मिली होऊन घाई लागत असेल, तर बहुधा मूत्राशय वेळेआधीच आकुंचन पावतंय. दिवसातून दोनदाच पण भरपूर होत असेल, तर ती तुंबवली जातेय. शाळेतलं घाणेरडं स्वच्छतागृह टाळणाऱ्या मुलींचं बऱ्याचदा हेच होतं, आणि त्यात त्यांचा काहीच दोष नाही.

पाणी पिणं कमी करणं ही मोठी चूक. गडद लघवीने मूत्राशय जास्तच चिडतं. दिवसभरात दीड-दोन लिटर, विभागून. चहा आणि कोला बंद. घाईची वाट न बघता दर दोन-अडीच तासांनी जायचं. पाय नीट टेकवून बसायचं, झाल्यावर मिनिटभर थांबून पुन्हा एकदा करायची.

बद्धकोष्ठता असेल तर तिचा उपाय आधी! भरलेलं आतडं मूत्राशयावर दाब देतं.

फरक दिसायला काही आठवडे लागतात. तोवर दप्तरात पॅड, सुटे कपडे, बंद होणारी पिशवी. जळजळ, ताप, रक्त, सतत तहान किंवा पायांत अशक्तपणा असेल तर लगेच डॉक्टरांकडे जा.