आयर्लंडच्या संसदेत अत्याचार भोगलेल्यांच्या हेल्थ कार्डवर चर्चा झाली, तर ती वाचायची कशी

आयर्लंडमध्ये राहणाऱ्या, त्यातही हॉस्पिटल, नर्सिंग होम किंवा होम केअरमध्ये काम करणाऱ्या आपल्या लोकांसाठी मुख्यतः हे लिहितेय. तुम्ही ज्यांची औषधं वेळेवर देता, ज्यांना आंघोळ घालता, त्या आजी-आजोबांपैकी काहीजण जिथे अत्याचार झाले अशा जुन्या संस्थांमधून आलेले असू शकतात आणि ते कदाचित कधीच सांगणार नाहीत. त्यांना काय मिळतं, काय मिळत नाही हे संसदेत ठरतं आणि ते सगळं रेकॉर्ड इरॉक्टसच्या (म्हणजे आयरिश संसदेच्या) वेबसाइटवर फुकट वाचता येतं, फक्त वाचायचं कसं ते माहीत पाहिजे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. 20व्या शतकात बराच काळ तिकडे लग्नाआधी दिवस गेलेल्या मुली, गरीब घरची किंवा अनाथ मुलं, घरच्यांना नकोशा झालेल्या बायका यांना अशा संस्थांमध्ये टाकलं जायचं ज्या बहुतेक चर्चच्या ऑर्डर्स चालवायच्या आणि सरकारला सगळं माहीत असायचं, बऱ्याच ठिकाणी तर पैसाही सरकारचाच असायचा. मारहाण, लैंगिक अत्याचार, उपासमार, बिनपगारी राबवून घेणं, आईपासून बाळ तोडून दत्तक देणं, हे सगळं तिथे झालंय. 1999 मध्ये बर्टी अहर्न यांनी, 2013 मध्ये एंडा केनी यांनी आणि 2021 मध्ये मिहॉल मार्टिन यांनी पंतप्रधान म्हणून सरकारतर्फे माफी मागितली.

माझं म्हणणं एकच आहे: माफीच्या भाषणात अडकू नका, विधेयकातली यादी वाचा. माफी खूप महत्त्वाची आहे, कित्येकजणींनी तिची आयुष्यभर वाट बघितली, पण गुडघ्याला फिजिओथेरपी मिळणार की नाही हे माफीने ठरत नाही, ते कायद्यातल्या एका कलमाने ठरतं.

पहिलं काम म्हणजे चर्चा नेमकी कोणत्या गटाबद्दल चाललीय ते बघा, कारण सगळे एकाच नावाखाली बोलतात आणि कायदे वेगवेगळे आहेत. लहानपणी इंडस्ट्रियल स्कूलमध्ये (गरीब, अनाथ मुलांना ठेवायच्या त्या संस्था) वगैरे राहिलेल्यांसाठी 2002 चा रिड्रेस कायदा होता, त्यात 15,000 हून जास्त लोकांना भरपाई मिळाली, नंतर 2012 च्या कायद्याने कारानुआ नावाचा फंड आला, तो धार्मिक संस्थांनी कबूल केलेल्या 11 कोटी युरोंवर चालायचा, त्यातून लोक दातांची कामं, घरदुरुस्ती असलं काही करून घ्यायचे, पण मग माणशी 15,000 युरोंची मर्यादा घातली आणि 2018 मध्ये नवीन अर्ज घेणंच बंद केलं. मॅग्डलेन लॉन्ड्रीतल्या, म्हणजे नन्सच्या धोबीखान्यांत बिनपगारी राबलेल्या बायकांसाठी 2015 चा वेगळा कायदा. मदर अँड बेबी होम्ससाठी, म्हणजे लग्नाआधी दिवस गेलेल्या मुलींना ठेवायचे त्या संस्थांसाठी, 2023 चा. आणि इंडस्ट्रियल स्कूलवाल्यांसाठी आरोग्यसेवेचं विधेयक 2024 मध्ये मांडलं गेलं ते 2025 मध्ये कायदा झालं. म्हणजे पहिल्या माफीनंतर या लोकांच्या हेल्थ कार्डची तरतूद कायद्यात यायला 26 वर्षं लागली, हे डोक्यात ठेवून चर्चा वाचा म्हणजे काही सदस्य एवढे चिडून का बोलतात ते कळेल.

आता मुख्य गोष्ट, कार्ड. इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा.

चर्चेत तुम्हाला दोन कार्डांची नावं सतत दिसतील. एक 'एन्हान्स्ड मेडिकल कार्ड', म्हणजे या कायद्यांखाली अत्याचार भोगलेल्यांना मिळणारं कार्ड, आणि दुसरं 'एचएए (हेल्थ अमेंडमेंट ॲक्ट) कार्ड'. एचएए कार्ड 1996 च्या कायद्याने आलं, सरकारी रक्तसेवेच्या दूषित रक्तातून आणि बायकांना गरोदरपणात-बाळंतपणात देतात त्या अँटी-डी इंजेक्शनमधून ज्यांना हिपॅटायटिस सी झाला त्यांच्यासाठी. चूक सरकारची म्हणून सेवाही भरपूर: जीपी (फॅमिली डॉक्टर), औषधं, दात, डोळे, कान, होम नर्सिंग हे आहेच, शिवाय मसाज, ॲक्युपंक्चरसारख्या थेरपी आणि हॉस्पिटलात मदत करायला लायझन ऑफिसर (समन्वय करणारा माणूस). 2013 मध्ये न्यायमूर्ती क्वर्क यांनी मॅग्डलेनच्या बायकांसाठी शिफारस केली तेव्हा स्पष्ट लिहिलं की एचएए कार्डवर मिळतं ते सगळं यांना मिळावं. सरकारने शिफारसी मान्य केल्या. पण 2015 चा कायदा आला त्यात सेवांची यादी त्याहून आखूड होती. तेव्हापासून जवळपास प्रत्येक चर्चेत हा मुद्दा येतो आणि प्रत्येक वेळी मंत्री 'एन्हान्स्ड' कार्ड किती चांगलं आहे ते सांगतात.

म्हणून मंत्र्याचं भाषण एका टॅबमध्ये आणि विधेयक दुसऱ्या टॅबमध्ये उघडा. विधेयकात आरोग्यसेवांचं कलम शोधा, तिथे यादी असते: जीपी, औषधं, नर्सिंग, होम सपोर्ट, दात, डोळे, कान, काउन्सेलिंग, पायांची काळजी, फिजिओथेरपी. मग स्वतःला विचारा की यातलं साध्या मेडिकल कार्डवर (कमी उत्पन्नवाल्यांना सरकारी उपचार मिळतात ते कार्ड) आधीच किती मिळतं? कारण हे लोक बहुतेक म्हातारे आहेत, त्यातल्या अनेकांचं उत्पन्न कमी आहे, म्हणजे साधं मेडिकल कार्ड त्यांच्याकडे आधीपासून असतंच. तर मग नवीन काय मिळालं, हा प्रश्न विरोधी बाकावरून कोणी विचारलाय का आणि त्याला सरळ उत्तर मिळालंय का ते बघा. माझ्या मते अख्ख्या चर्चेतला हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे.

यादीनंतर पात्रता. 2023 च्या कायद्यात कार्डासाठी 180 दिवसांची अट आहे, म्हणजे संस्थेत 180 दिवस काढले असतील तरच कार्ड. सरकारचाच अंदाज होता की सुमारे 34,000 लोकांना पैसे मिळतील आणि त्यातल्या साधारण 19,000 जणांना कार्ड. आता एखादी आई तिथे पाच महिने होती, तिचं बाळ घेऊन गेले, तिला थोडे पैसे मिळतील पण कार्ड नाही. आणि जे मूल सहा महिन्यांच्या आत तिथून बाहेर गेलं त्याला पैसेही नाहीत आणि कार्डही नाही. आईपासून तुटल्याची जखम दिवस मोजून होत नाही, हे तिथल्या सदस्यांनीही सांगितलं आणि मला ते शंभर टक्के पटतं.

आता टप्पे. सेकंड स्टेजला, म्हणजे विधेयकावरच्या सर्वसाधारण चर्चेत, सगळे मोठमोठी भाषणं करतात, मतदारसंघातल्या बायकांची पत्रं वाचून दाखवतात, ते जरूर वाचा पण तिथे विधेयकातला एक शब्दही बदलत नाही. बदल होतात कमिटी स्टेज आणि रिपोर्ट स्टेजला, एकेक कलम घेऊन. आणि तिथे एक गोष्ट नव्या वाचकाला हमखास गोंधळात टाकते: 180 दिवसांची अट काढा किंवा एचएए कार्ड द्या अशी विरोधकांची दुरुस्ती रेकॉर्डमध्ये चर्चेला आलेली दिसत नाही, तिच्याऐवजी 'याबाबत अमुक महिन्यांत रिपोर्ट सादर करावा' अशा मिळमिळीत दुरुस्त्या दिसतात. तुम्हाला वाटेल विरोधकांनी काही मागितलंच नाही. तसं नाहीये. सरकारी तिजोरीवर भार टाकणारी दुरुस्ती सरकार सोडून कोणी आणू शकत नाही, ती नियमाबाहेर ठरवली जाते, म्हणून ते लोक रिपोर्टची मागणी करून निदान विषय चर्चेला आणतात. अशी रिपोर्टवाली दुरुस्ती दिसली की थांबा, तिच्या आसपासची भाषणं नीट वाचा, खरी मागणी तिथेच असते. मग मतदान कसं झालं तेही बघा, 'टॉ' म्हणजे बाजूने आणि 'नील' म्हणजे विरोधात, नावासकट यादी असते.

होम सपोर्ट हा शब्द आला की आपल्या कामाच्या लोकांनी जास्त लक्ष द्यावं. ज्यांचं लहानपण किंवा तरुणपण कुलूपबंद संस्थेत गेलं त्यांना म्हातारपणी परत संस्थेत, म्हणजे नर्सिंग होममध्ये जायची प्रचंड भीती असते. गणवेश, लांबलचक कॉरिडॉर, दुसऱ्याने ठरवलेली जेवणाची वेळ, यानेही काहीजण घाबरतात. म्हणून घरी राहून किती तास मदत मिळणार हा यांच्यासाठी कार्डातला सगळ्यात मोठा भाग आहे, आणि कायद्यात नुसतं 'होम सपोर्ट' लिहिलेलं असून माणसंच नसतील तर त्याचा उपयोग काय, हे आपल्याला ड्युटी करताना रोज दिसतं.

परदेशात गेलेल्यांचंही बघा, कारण यातले कितीतरी लोक इंग्लंडला पळून गेले ते तिथेच राहिले. त्यांना कार्डाऐवजी एकदाच 3,000 युरो घ्यायचा पर्याय दिला जातो. ब्रिटनमध्ये तर भरपाई घेतली की उत्पन्नावर ठरणारे सरकारी भत्ते कमी व्हायची भीती, त्यामुळे लोक अर्जच करत नव्हते, म्हणून मार्च 2025 मध्ये लेबर खासदार लियाम कॉनलन यांनी तिथल्या संसदेत फिलोमिनाज लॉ नावाचं विधेयक मांडलं. हा विषय वाचायचा तर दोन्ही संसदांचं रेकॉर्ड बघावं लागतं.

आणि कायदा पास झाला की संपलं असं समजू नका. 2023 चा कायदा जुलैमध्ये झाला, योजना उघडली 20 मार्च 2024 ला. 2025 चा कायदा झाल्यावर सुद्धा त्याच वर्षी सप्टेंबरपासून चार सर्व्हायव्हर (अत्याचारातून वाचलेले लोक) डब्लिनला संसदेबाहेर उपोषणाला बसले, 50 दिवसांच्या आसपास बसले, आणि त्यांच्या मागण्यांत परत तेच एचएए कार्ड होतं, सोबत पेन्शन. त्या दिवसांतल्या चर्चा अवश्य वाचा.

चर्चेपेक्षा जास्त आकडे लेखी प्रश्नोत्तरांत मिळतात, तिथे किती कार्डं दिली, किती अर्ज पडून आहेत ते सापडतं. 'हा प्रश्न एचएसईकडे पाठवलाय' (एचएसई म्हणजे सरकारी आरोग्यसेवा) असं उत्तर दिसलं तर पुढचं उत्तर प्रश्न विचारणाऱ्या टीडीकडून (आयरिश खासदाराकडून) मागून घ्या. तुम्हाला मतदान करता येत नसलं तरी तुमच्या भागातल्या टीडीला ईमेल करता येतो, आणि प्रश्न जितका बारीक तितकं उत्तर टाळणं अवघड, म्हणजे 'सर्व्हायव्हरना न्याय कधी' असं लिहू नका, असं लिहा: आमच्या काउंटीत एन्हान्स्ड मेडिकल कार्ड असलेल्या किती जणांनी होम सपोर्ट मागितला, किती जणांना मंजूर झाला, आणि मंजूर झाल्यावर पहिली केअरर प्रत्यक्ष घरी पोचायला किती आठवडे लागले.